ई२० आणि जुनी गाडी: नेमकं काय बदलायचं, आणि कार्बन खरंच किती वाचतो?

रिझर्व्ह (धागाकर्ता)

पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, सोडून दुसरं साधं पेट्रोल मिळत नाही. त्यामुळे भरू की नको हा वाद माझ्या लेखी संपला. उरले दोन प्रश्न.

एक, २०२० च्या आधीच्या कार्ब्युरेटरच्या दुचाक्या आणि २०२३ च्या आधीच्या चारचाकी यांत कोणते भाग बदलावे लागतात, कोणते तपासले तरी पुरे? दोन, "२० टक्के इथेनॉल म्हणजे २० टक्के कार्बन कमी" असं सगळीकडे ऐकू येतं. हा हिशोब बरोबर आहे का?

"इंजिन विरघळलं" छापाचे व्हॉट्सॲप व्हिडिओ कृपया इथे टाकू नका. भाग, माप, आकडे एवढंच हवंय.

१. अर्धा_लिटर

गाडीला रोज पाजायची आणि नाक्यावर फुंकायला लावायचं चालवणाऱ्याला. हा कुठला न्याय?

२. जेट१०२

पहिल्या प्रश्नातल्या दुचाकीच्या भागाबद्दल लिहितो.

इथेनॉलमध्ये वजनाच्या सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन असतो. म्हणून ते जाळायला बाहेरची हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा, इथेनॉलला ९, ई१० ला साधारण १४.१ आणि ई२० ला १३.५. फ्युएल इंजेक्शनची गाडी हे ओळखून इंधन वाढवते. कार्ब्युरेटरला डोकं नसतं, त्याचं भोक तेवढंच राहतं. म्हणून मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी. ई१० वर लावलेल्या गाडीत हा फरक चार टक्क्यांच्या आसपास आहे.

पातळ मिश्रणाची लक्षणं: थंड गाडी पहिल्या सिग्नलला बंद पडणं, थ्रॉटल उघडल्यावर क्षणभर काहीच न होणं, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून पट्-पट् आवाज. खात्री करायची सोपी रीत म्हणजे गाडी गरम झाल्यावर चोक पाव-अर्धा ओढून चालवून बघा. सुधारली तर मिश्रण पातळ आहे. आणखी बिघडली तर दोष दुसरीकडे आहे, जेटला (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या भागाला) हात लावू नका.

आधी स्क्रू, मग जेट. मिश्रणाचा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत घेतला की मिश्रण दाट होतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो इंधनाचा, बाहेर काढला की दाट. निम्मे मेकॅनिक इथेच उलटं करतात. पाव फेरा, मग चालवून बघणं, मग पुन्हा पाव फेरा. बहुतेक १०० ते १५० सीसी गाड्यांचं काम इथेच भागतं.

नाहीच भागलं तर मेन जेट एक पायरी वर. केहिन कंपनीच्या जेटवरचा आकडा व्यासाचा असतो, १०० म्हणजे १.०० मिलिमीटर. १०० चा १०२ केला की भोकाचं क्षेत्रफळ चार टक्के वाढतं, म्हणजे हवं तेवढंच. मिकुनीच्या बऱ्याच जेटवरचा आकडा प्रवाहाचा असतो, तिथे हे गणित लावू नका. एकदम १०० चं ११० करणारे लोक पुढच्या महिन्यात काळा प्लग घेऊन येतात.

रबराचं सांगायचं तर जुना नायट्राइल रबराचा पाइप फुगतो आणि मऊ पडतो. पारदर्शक प्लास्टिकचा पाइप उलट कडक होतो, कारण त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ इथेनॉल ओढून घेतं. मग तो नळीच्या टोकाशी चिरतो आणि तिथून गळतो. चार गोष्टी बदलाव्यात: पेट्रोल पाइप (आतून फ्लुओरो रबर असलेला, मेकॅनिक 'वायटन' म्हणतात), फ्लोट निडल (कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई, टोकाला वायटन असलेली), फ्लोट बाउलची (कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीची) ओ-रिंग आणि पेट्रोल कॉकचे वॉशर. बाकी जे गळत नाही ते उगाच उघडू नका.

३. नुसतीच_वाचक

फिल्टर राहिलाच की.

४. जेट१०२

हो, आणि तो महत्त्वाचा. इथेनॉल टाकीतला जुना डिंक आणि गंज सैल करतं. वर्षानुवर्षं तळाला शांत बसलेली घाण पहिल्या दोन-तीन टाक्यांत खाली येते. म्हणून फिल्टर सुरुवातीला नाही, तिसरी टाकी संपल्यावर बदला. आधी बदललात तर नवाच चोंदेल.

फ्लोट बाउल उघडल्यावर तळाला पांढरी पूड दिसली तर ती जस्ताची. कार्ब्युरेटरचं धड जस्ताच्या मिश्रधातूचं असतं आणि ओलसर इथेनॉल त्याला खातं. ही पूड आधी पायलट जेट (मंद चालीचं) बुजवते, कारण त्याचं भोक जेमतेम ०.४ मिलिमीटर. सेफ्टी पिनने टोचू नका, भोक मोठं होतं आणि मग ती गाडी कधीच मंद चालीवर टिकत नाही. कार्ब क्लीनरचा फवारा आणि दाबाची हवा, बस.

५. डेपोकर

मेकॅनिकची बाजू आली, आता पाण्याची.

इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं हे खरं, पण त्याची जेवढी भीती घातली जाते तेवढं ते नाही. बंद टाकीत हवेतून येणारं पाणी फार थोडं. गाडी बिघडते ती टाकीत थेट शिरलेल्या पाण्यामुळे. ई१० साधारण अर्धा टक्का पाणी पोटात ठेवू शकतं, ई२० त्याहून जास्त. त्यापलीकडे पाणी गेलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याशी संगनमत करतं आणि दोघं तळाला जाऊन बसतात. कॉक तळालाच असतो. मग इंजिनाला जातं ते पेट्रोल नव्हे, पाणी मिसळलेलं मद्य. वर राहिलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही (दाबाखाली अवेळी न पेटण्याची ताकद) उतरतो. तापमान उतरलं की पाणी पोटात ठेवायची ताकदही कमी होते, म्हणून हा घोळ सकाळी दिसतो.

१० लिटरच्या टाकीत अर्धा टक्का म्हणजे ५० मिलिलिटर, निम्मा कप चहा. हे पाणी येतं कुठून? बऱ्याच दुचाक्यांच्या टाकीच्या झाकणाभोवती एक खोलगट जागा असते, तिच्यात पावसाचं पाणी साचतं. ते बाहेर काढायला तिथे एक बारीक भोक असतं आणि त्याला जोडलेली नळी टाकीतून खाली चाकाजवळ निघते. ही नळी चिखलाने किंवा कुंभारमाशीच्या घरट्याने बुजली की खोलगटात पाणी उभं राहतं. झाकण उघडलं की ते थेट टाकीत. कोकणात आणि घाटात तर दर पावसाळ्याच्या तोंडावर हे भोक बघायलाच हवं. झाकण उघडून त्या भोकात चमचाभर पाणी घाला, खालून ठिबकलं पाहिजे. नाही ठिबकलं तर खालच्या टोकाने हवा मारा. खर्च शून्य.

पंपाच्या भूमिगत टाकीतही हीच भानगड. डिप रॉडला पाणी शोधायची पेस्ट लावून तळ तपासतात. जुनी पेस्ट नुसत्या पाण्याला रंग बदलते, पाणी आणि इथेनॉलच्या मिश्रणाला नीट दाद देत नाही. त्यासाठी वेगळी पेस्ट येते. मुसळधार पावसानंतर दोन दिवस, विशेषतः सखल भागातल्या पंपावर, टाकी फुल करायची घाई नको.

६. अर्धा_लिटर

"पाण्याशी संगनमत करून तळाला जाऊन बसतात". हे वर्णन इथेनॉलचं आहे की गावच्या सोसायटीच्या संचालकांचं?

७. नुसतीच_वाचक

मायलेज २० ते २५ टक्के पडलं असं सगळे म्हणतात. त्याचं काय?

८. सायलेन्सर

सगळे म्हणतात, पण मोजत कोणी नाही.

पेट्रोलच्या एका लिटरमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा, इथेनॉलच्या लिटरमध्ये २१. म्हणजे ई१० मध्ये ३०.९ आणि ई२० मध्ये २९.८. शुद्ध पेट्रोलशी तुलना केली तर ई२० मध्ये पावणेसात टक्के ऊर्जा कमी, ई१० शी केली तर साडेतीन टक्के. आपण २०२२ च्या जूनपासून देशभर सरासरी ई१० वरच होतो, त्यामुळे खिशाला बसणारा नवा फटका हा दुसरा. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, ई२० भरल्यावर, ई० (बिनइथेनॉल पेट्रोल) साठी बनवून ई१० ला जुळवलेल्या चारचाकीला ६ ते ७ टक्के आणि तशाच दुचाकीला ३ ते ४ टक्के घट लिहिली आहे. ई१० साठी बनवून ई२० ला जुळवलेल्या चारचाकीला १ ते २ टक्के.

तुमची घट १५ टक्क्यांच्या वर असेल तर उरलेली इथेनॉलच्या माथी मारू नका. टायरमधली हवा, घासत राहणारा ब्रेक, चोंदलेला एअर फिल्टर, बदललेला रस्ता यांकडे बघा. कार्ब्युरेटरच्या गाडीत मात्र पातळ मिश्रणामुळे माणूस नकळत थ्रॉटल जास्त पिळतो, तिथे घट थोडी वाढू शकते.

मोजायचं असेल तर असं: एकच पंप, एकच नोझल, आपोआप बंद झालं की थांबायचं, वर काठोकाठ भरायचं नाही. सलग तीन टाक्या. किलोमीटर भागिले लिटर, तिन्हींची बेरीज करून. एका टाकीवरून निष्कर्ष काढणं म्हणजे पहिल्या षटकावरून सामन्याचा निकाल सांगणं.

चारचाकीवाल्यांसाठी: बीएस४ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना ओबीडीचं (इंजिनाच्या संगणकाची माहिती वाचायचं) सॉकेट असतं, स्टिअरिंगखाली. त्यात ईएलएम३२७ चं ब्लूटूथ यंत्र लावा, मोबाइलवर 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम' बघा, म्हणजे गाडीने स्वतःहून इंधन किती टक्के वाढवलं किंवा घटवलं तो आकडा. गाडी तापलेली, सपाट रस्ता, एकसारखा वेग. ई१० वर हा आकडा शून्याच्या आसपास होता असं धरलं तर ई२० वर अधिक ३ ते ५ दिसणं हे अगदी ठीक. अधिक १० च्या वर गेला तर दुसरं काहीतरी आहे: फाटलेला व्हॅक्युम पाइप, चोंदलेला पेट्रोल फिल्टर, दाब कमी देणारा पंप. अशा आधीच आजारी गाडीत ई२० ही शेवटची काडी ठरते, मग इंजिनाचा दिवा लागतो आणि कोड येतो पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ. मेकॅनिक म्हणतो "ई२० मुळे", आणि व्हॅक्युम पाइप तसाच राहतो.

९. जेट१०२

सायलेन्सरशी सहमत. एक भर घालतो. इंजेक्शनच्या गाडीत ट्रिम सुधारतं ते ऑक्सिजन सेन्सर ऐकत असेल तेव्हाच. पूर्ण थ्रॉटलला बहुतेक गाड्या सेन्सरकडे दुर्लक्ष करून साठवलेल्या तक्त्यावर चालतात. चांगल्या गाड्या शिकलेलं ट्रिम तिथेही लावतात, काही जुन्या लावत नाहीत. घाटात भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ओढताना दम कमी वाटतो तो म्हणून. आणि इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीच्या आत असतो, त्याचे रबर-प्लास्टिकचे भाग आपल्याला दिसत नाहीत. १ एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांत हे भाग ई२० ला चालणारे आहेत. त्याआधीच्या गाडीचा पंप कण्हायला लागला, म्हणजे आवाज चढला किंवा सकाळी दोनदा किल्ली फिरवावी लागली, की दाब मोजून घ्या.

१०. कोरडवाहू

गाडीचं चालू द्या, पण दुसऱ्या प्रश्नाकडे कोणीच फिरकत नाही. ऊस म्हणजे पाणी. नीती आयोगाच्याच त्या आराखड्यात उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलला २,८६० लिटर पाणी लिहिलंय. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, आणि त्याच मराठवाड्यात ऊस उभा होता. या हिशोबात पाण्याचा रकाना का नाही?

आणि आता मक्याचं बघा. २०२३-२४ पासून उसापेक्षा मका पुढे गेला, भाव चढले, मक्याची निर्यात करणारा देश २०२४ मध्ये आयात करू लागला. मक्याचं इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, डीडीजीएस, तो कोंबडीखाद्यात स्वस्तात जातो आणि सोयाबीन पेंडेचा भाव पाडतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या सोयाबीनवाल्याच्या पदरात हे असं आलं. कार्बन वाचवायचं बिल कोणाच्या नावावर फाडताय?

११. मळीवाला

कोरडवाहू, तुमचा राग समजतो, पण उसाचं इथेनॉल ही एक वस्तू नाही, तीन आहेत. त्या वेगळ्या काढल्याशिवाय पाण्याचा वाद अर्थहीन होतो.

एक टन ऊस गाळला की १०० ते ११० किलो साखर निघते आणि शेवटी सी हेवी मळी उरते, तिच्यातून १० ते ११ लिटर अल्कोहोल. हा ऊस साखरेसाठीच लावलेला होता, त्यामुळे त्याचं सगळं पाणी इथेनॉलवर टाकणं चूक. दुसरी बी हेवी मळी: साखरेचा एक हात कमी काढायचा, मळीत साखर जास्त राहते, अल्कोहोल जास्त मिळतं. तिसरा थेट रस: साखर नाहीच, टनाला ७० लिटर इथेनॉल. तुमचा २,८६० चा आकडा या तिसऱ्याचा आहे. हेक्टरी ८० टन ऊस धरा, ७० ने गुणा, ५,६०० लिटर. १ कोटी ६० लाख लिटर पाण्याला त्याने भागलं की हाच आकडा येतो.

सरकारचा दरही तिन्हीला वेगळा. २०२४-२५ च्या हंगामात सी हेवीला लिटरमागे ५७.९७, बी हेवीला ६०.७३, रसाला ६५.६१ रुपये, मक्याला ७१.८६. कारखाना रसाकडे का वळतो हे यातून कळेल. साखरेचा किमान विक्री दर २०१९ पासून किलोला ३१ वरच अडकलेला, एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, दरवर्षी चढती. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर येतात, साखर गोदामात पडून व्याज खाते. त्यात पावसाने दगा दिला की धोरण फिरतं: ७ डिसेंबर २०२३ ला ऐन गाळपात रसावर बंदी आली, आठवड्याभरात १७ लाख टन साखरेपुरती सैल झाली, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुढच्या हंगामासाठी उठली. डिस्टिलरीला कर्ज काढून टाक्या बांधणाऱ्याने यातून काय समजायचं?

गुणवत्तेवर एक शब्द, कारण वर पाण्याची चर्चा झाली. नुसत्या ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल ९५-९६ टक्क्यांपुढे जात नाही, तिथे पाणी आणि अल्कोहोल एकत्रच उकळतात. पुढचं पाणी काढायला वाफ मॉलेक्युलर सीव्हमधून नेतात, म्हणजे तीन अँगस्ट्रॉम छिद्रांच्या झिओलाइटच्या मण्यांमधून. पाण्याचा रेणू छिद्रात शिरतो, इथेनॉलचा मोठा म्हणून बाहेर राहतो. ठरलेल्या शुद्धतेच्या खालचा टँकर तेल कंपनीच्या डेपोने घ्यायचाच नाही असा मानक आहे. म्हणजे आमच्याकडून निघतं ते कोरडं. पाणी शिरतं ते नंतर.

१२. डेपोकर

नंतर म्हणजे आमच्याकडे असं सुचवताय का? :) टँकर सीलबंद येतो, नमुना काढून पाणी आणि घनता तपासतो, मगच उतरवतो.

१३. मळीवाला

तसं नाही हो. टँकरच्या वरच्या झाकणाचं गॅस्केट आणि जुलै महिना एवढंच सुचवतोय.

१४. कोरडवाहू

सी हेवीचं मान्य. पण सी हेवीवर देशाचं ई२० भागतं का? भागत असतं तर रस आणि मका लागलाच नसता. तुम्ही सगळ्यात चांगलं उदाहरण पुढे करून सगळ्यात वाईट झाकताय. आणि स्पेंट वॉशचं बोला की.

१५. मळीवाला

नाही भागत, हे सरळ मान्य.

स्पेंट वॉश: मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की ८ ते १५ लिटर तपकिरी, आम्लयुक्त, प्रचंड सेंद्रिय भार असलेलं पाणी निघतं. ओढ्यात गेलं तर ऑक्सिजन संपून मासे मरतात. आता थेंबही बाहेर सोडायचा नाही असा नियम आहे. नीट चालणाऱ्या कारखान्यात आधी बायोगॅस काढतात, मग बाष्पीभवनाने ते काकवीसारखं दाट करतात आणि बगॅसबरोबर (उसाच्या चोथ्याबरोबर) बॉयलरमध्ये जाळतात. राखेत पोटॅश असतं, ते खत म्हणून परत शेतात जातं. बिघडतं कुठे? बाष्पीभवनाच्या नळ्यांत आणि बॉयलरच्या नळ्यांवर राखेचा थर बसतो, साफसफाईला बंद ठेवावं लागतं, आणि तेवढ्यात साठवणीचा तलाव भरतो. तो भरला की मोह होतो. मोहाबद्दल मी काही लिहीत नाही.

१६. रिझर्व्ह

मंडळी, माझा दुसरा प्रश्न अजून उपाशी आहे. २० टक्के की नाही?

१७. सायलेन्सर

नाही. कागद घ्या.

२० टक्के हे आकारमान. ऊर्जेत इथेनॉलचा वाटा किती? २० लिटर इथेनॉल गुणिले २१.२ म्हणजे ४२४. ८० लिटर पेट्रोल गुणिले ३२ म्हणजे २,५६०. बेरीज २,९८४. त्यात इथेनॉल १४.२ टक्के. गाडी किलोमीटर कापते ते ऊर्जेवर, लिटरवर नाही. म्हणजे पेट्रोलची जागा १४ टक्केच घेतली.

आता इथेनॉलही शून्य कार्बनचं नाही. खत, डिझेल पंप, वाहतूक, डिस्टिलरीची वाफ. नीती आयोगाच्या जीवनचक्र अभ्यासाप्रमाणे उसाच्या इथेनॉलचं उत्सर्जन पेट्रोलपेक्षा ६५ टक्के कमी, मक्याच्या ५० टक्के कमी. १४.२ गुणिले ०.६५ म्हणजे ९.२. मक्याचं ७.१. तेव्हा सगळा ऊस धरला तरी किलोमीटरमागे ९ टक्के आणि सगळा मका धरला तर ७.

हा फरक छोटा वाटेल, पण रस्त्यावरच्या प्रत्येक पेट्रोल गाडीला तो पहिल्या दिवसापासून लागू होतो, गाडी न बदलता. हाच ई२० चा खरा गुण, आणि तेवढाच. "२० टक्के" म्हणणारा चुकतोय, आणि "काहीच नाही" म्हणणाराही.

१८. कोरडवाहू

डिस्टिलरी बगॅसवर चालली तर ६५. मक्याची डिस्टिलरी कोळशावर चालली तर ५० चे किती उरतात?

१९. सायलेन्सर

कमी उरतात. वाफ कशावर करता हा मक्याच्या इथेनॉलमधला कळीचा मुद्दा आहे, त्यावर वाद नाही. ऊस आपलं जळण स्वतःबरोबर घेऊन येतो, मका आणत नाही.

२०. वीजवाली

९ टक्क्यांसाठी एवढा मोठा धागा! जरा विजेचं गणित करा.

इलेक्ट्रिक स्कूटर किलोमीटरला बॅटरीतून ३० वॉट-तास घेते. चार्जरमधली गळती धरून भिंतीतून ३५. आपल्या ग्रिडची वीज बहुतांश कोळशाचीच, केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३-२४ च्या आकड्याप्रमाणे युनिटला ७२७ ग्रॅम. म्हणजे किलोमीटरला २५ ग्रॅम, तारांमधली गळती धरली तर ३०. पेट्रोल स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देते आणि एक लिटर पेट्रोल जळून २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे ५१ ग्रॅम, विहिरीपासून पंपापर्यंतचा खर्च धरला की ६० च्या घरात. कोळशाच्या विजेवरही निम्मं. ३ युनिटच्या बॅटरीच्या निर्मितीचा कार्बन अडीचशे किलो धरला तरी आठ-नऊ हजार किलोमीटरमध्ये फिटतो.

२१. अर्धा_लिटर

ताई, पण लोडशेडिंग?

२२. वीजवाली

रात्रभरात कधीतरी चार तास वीज असते ना? तेवढी पुरते.

२३. जेट१०२

गणित बरोबर. दुचाकीला आणि शहरातल्या बसला वीज, यात आता वाद उरलेला नाही. पण आज रस्त्यावर असलेली कार्ब्युरेटरची गाडी पुढची दहा वर्षं कोणीतरी चालवणार आहे. धागा त्या गाडीबद्दल आहे.

२४. घाटमाथा

ब्राझीलचा उल्लेख अजून कसा नाही? तिथे २००३ पासून फ्लेक्स गाड्या आहेत, कुठल्याही प्रमाणात मिश्रण चालतं. पंपावर दोन नोझल: एकात पेट्रोल, ज्यात १ ऑगस्ट २०२५ पासून २७ ऐवजी ३० टक्के इथेनॉल, आणि दुसऱ्यात नुसतं इथेनॉल, तेही पाच टक्के पाण्यासकट. तिथला चालक एकच भागाकार करतो: इथेनॉलचा भाव भागिले पेट्रोलचा भाव. उत्तर ०.७० च्या खाली आलं तर इथेनॉल भरायचं, वर गेलं तर पेट्रोल. कमी ऊर्जेचा हिशोब भावातच उरकतो. आपल्याकडे चिडचिड इथेनॉलची नाही, या भागाकाराची आहे. ऊर्जा सात टक्के कमी, भाव तोच, आणि दुसरं नोझलच नाही.

२५. नुसतीच_वाचक

हे मात्र पटलं. +१

२६. सायलेन्सर

+१. दुसरा मुद्दा ऑक्टेनचा. ई२० चा ऑक्टेन ९५ च्या आसपास, जुन्या साध्या पेट्रोलचा ९१. त्याचा फायदा घ्यायला इंजिनात दाब वाढवावा लागतो किंवा ठिणगी आधी पाडावी लागते. जुन्या गाडीत दोन्ही ठरलेलं, त्यामुळे तोटा तिच्या वाट्याला आणि फायदा नव्या इंजिनाच्या. फ्लेक्स गाडी याच कारणाने इथेनॉलवर जास्त ओढते.

२७. मळीवाला

थोडं विषयांतर. इथेनॉल गाडीत जाळण्यापेक्षा विमानाला देणं शहाणपणाचं, असं मला वाटतं. गाडीला वीज हा पर्याय आहे, विमानाला नाही. १९ मे २०२३ ला पुण्याहून दिल्लीला प्रवासी विमान देशी बनावटीचं जैविक विमान-इंधन मिसळून गेलं, त्यात पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचा हात होता. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ ला १ टक्का, २०२८ ला २ आणि २०३० ला ५ असं मिश्रणाचं लक्ष्य आहे. अडचण रसायनाची: विमानाचं इंधन करायला आधी इथेनॉलमधून पाणी काढून इथिलीन करायचं, म्हणजे वजनाच्या ४६ भागांतून २८ उरतात. १०० किलो इथेनॉल घाला, ६१ किलोच्या वर काही मिळणार नाही, प्रत्यक्षात त्याहून कमी. म्हणून महाग.

२८. कोरडवाहू

म्हणजे पाणी लातूरचं आणि विमान दिल्लीचं.

२९. मळीवाला

सी हेवीचं, कोरडवाहू, सी हेवीचं!

३०. रिझर्व्ह

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: ७ ते ९. आता पहिल्याकडे परत. गाडी महिना-दीड महिना उभी राहणार असेल तर काय करायचं? आणि पंपावरचं पेट्रोल खरंच २० टक्क्यांचं आहे की जास्त, हे घरी कळतं का?

३१. जेट१०२

उभ्या गाडीचं: कॉक बंद करा, गाडी चालू ठेवा, आपोआप बंद पडू द्या. मग बाउलच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून उरलेलं छोट्या बाटलीत काढा. नुसती बंद पाडल्याने तळाला पाच-सात मिलिलिटर राहतंच, आणि पूड तिथेच धरते. बऱ्याच स्कूटरना हाताने बंद करायचा कॉक नसतो, तिथे फक्त ड्रेन स्क्रू. टाकी भरलेली ठेवा, पत्र्याला आतून गंज धरायला जागा कमी. पंधरा दिवसांपेक्षा कमी उभी असेल तर यातलं काही करू नका.

३२. डेपोकर

टक्केवारी घरी कळते. १०० मिलिलिटरचा काचेचा मोजपात्र घ्या, बूच असलेला. प्लास्टिक नको. उघड्यावर, जवळपास विस्तव, विडी, चालू इंजिन काही नको. १० मिलिलिटर पाणी, वर ९० पर्यंत नव्हे, थेट १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल, म्हणजे पेट्रोल ९०. बूच लावून दहा-बारा वेळा उलटसुलट करा, मधे एकदा बूच सैल करून दाब सोडा. दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल खाली पाण्यात उतरतं. ई२० असेल तर ९० मध्ये १८ मिलिलिटर इथेनॉल, म्हणजे खालचा थर १० अधिक १८, २८ च्या आसपास.

पंपावर मिळणारी घनता तपासणी यासाठी उपयोगाची नाही. पेट्रोलची घनता मुळातच ७२० ते ७७५ च्या मध्ये कुठेही असू शकते, आणि २० टक्के इथेनॉलने ती जेमतेम दहाने हलते. फिल्टर पेपरने रॉकेलसारखी जड भेसळ कळते, इथेनॉल नाही. ५ लिटरचं माप मात्र जरूर मागा, तो तुमचा हक्क.

३३. नुसतीच_वाचक

आणि खालचा थर २६-२७ आला तर पंपवाला इथेनॉल कमी घालतोय?

३४. डेपोकर

नाही. पाणी आणि इथेनॉल मिसळले की आकारमान थोडं आक्रसतं, बेरजेपेक्षा कमीच भरतं. उलट पेट्रोलचाही किंचित अंश खाली उतरतो. २६ ते २९ यात काहीही आलं तर ई२० समजा. ३२-३३ आलं तर काहीतरी गडबड आहे, दुसरा नमुना घेऊन पुन्हा करा. आणि २८ येऊनही गाडी सकाळी अडखळत असेल तर मोजपात्र ठेवून द्या आणि झाकणाखालचं ते भोक बघा.

चाचणीचं पेट्रोल परत टाकीत ओतू नका, त्यात आता पाणी आहे. मोरीतही नको. बूच घट्ट लावलेल्या काचेच्या बाटलीत भरून गॅरेजवाल्याला द्या, त्याच्याकडे सुटे भाग धुवायचा डबा असतोच.

३५. अर्धा_लिटर

म्हणजे खालचा थर मी ठेवायचा नाही. बरं.

३६. डेपोकर

त्यात पेट्रोल आहे, अर्धा_लिटर. बूच लावा.